मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया लंकाबाई

६ फेब्रुवारी
साडेतेरा हजार किलोमीटर! मध्ये कुठे थांबणं नाही, सोळा तास आकाशात. तेरा तारखेचं पहाटे चारचं विमान. मृण्मयीचे दिवस भरत आलेत. फोनवर म्हणाली, "आई, कळा सुरू होतील तेव्हा तू इथे हवीस. बाकी काही आणू नकोस." पोचायलाच हवं.

७ फेब्रुवारी
माळ्यावरून तिचा शाळेतला पृथ्वीगोल काढला. दोन्ही शहरांमध्ये सुतळी ताणली. मला वाटलेलं, युरोपवरून जाईल. छे! सुतळी पार वर सरकली, उत्तर ध्रुवाच्या कडेने. भिंतीवरच्या नकाशात आपण बघतो काय, आणि असतं काय! तेवढ्यात भात करपला. करपू दे.

आणखी एक – पहाटे चारला निघून, सोळा तास उडून, उतरायचं त्याच दिवशी सकाळी साडेसहाला. मधले तास जातात कुठे? यांना विचारलं. अख्ख्या पंचवटीला मुहूर्त देणारे आमचे गुरुजी म्हणाले, जावयाला विचार.

९ फेब्रुवारी
तेरा तारीख यांच्या पंचांगात बसत नाही. उद्याचा दिवस उत्तम. म्हणून प्रस्थान ठेवायचं – प्रवासातली वस्तू उद्या शेजारी नेऊन ठेवली की आपण निघाल्यासारखंच. मग ती घरात परत आणायची नाही, जाता जाता उचलायची. मी म्हटलं, साडी ठेवते. हे म्हणाले, जिच्यावाचून प्रवास अडेल अशी वस्तू हवी.

१० फेब्रुवारी
साडीत पासपोर्ट गुंडाळून गाठोडं शेजारच्या लंकाबाईंकडे दिलं.

१२ फेब्रुवारी
गाडी दारात, आणि लंकाबाईंच्या दाराला कुलूप! भाचीच्या साखरपुड्याला हरसूलला गेल्यात. फोन लागत नाही. तेराला निघणार असं मीच त्यांना सांगितलेलं. पहाटेचं विमान म्हणजे आदल्या संध्याकाळी घर सोडायचं, हे त्या बिचारीला कसं कळावं? संताप संताप झाला – यांच्यावर, पंचांगावर, माझ्यावर. हे जिन्यात मान खाली घालून बसून राहिले.

मृण्मयीने तिकीट एक दिवस पुढे ढकललं. रागावली नाही. त्याचाच जास्त त्रास होतोय.

१३ फेब्रुवारी
लंकाबाई पहिल्या एसटीने आल्या. "वहिनी, मला लय वाईट वाटतंय," म्हणाल्या. मी त्यांनाच चहा पाजला. निघतेय.

१४ फेब्रुवारी, विमानात
ध्रुव राहिला बाजूला! आम्ही पूर्वेकडून, पॅसिफिकवरून चाललोय. हवाईसुंदरी म्हणाली, इकडून पाठीवर वारा मिळतो, लांबून गेलं तरी लवकर पोचतो. समोरच्या पडद्यावर तारीखरेषा आली तशी मी खिडकीला नाक लावलं. नुसता अंधार. माझे तास मात्र तिथेच परत मिळाले म्हणायचे. जरा डुलकी काढते.

१४ फेब्रुवारीच, सॅन फ्रान्सिस्को
"काल रात्री मुलगी झाली," गौरांग विमानतळावरच म्हणाला. काल? म्हणजे तारखेने बघितलं तर मी विमानात बसायच्याही आधी! खरं तर मी तेव्हा आकाशात. आधीचं विमान मिळतं तर पोचले असते. जावयासमोर गाडीत रडले.

दवाखान्यात बाळाकडे बघायच्या आधीच मृण्मयीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "तू आलीस ना," म्हणाली, "आता झोपते."