कंदील धरणारा

प्रिय ब्रेडा,

दोन खिळे निघाले, तिसरा निघेना. गंजून लाकडात रुतला होता. मी पकडीने ओढत होते तेवढ्यात कुंपणापलीकडून गाश्पेर म्हणाला, "झोफ्का, म्हाताऱ्या बापाच्या मधाच्या पेट्या फोडायला आता सुचलं होय तुला?" मी म्हटलं, पेटीच्या तोंडावरची पाटी काढते आहे, ल्युब्ल्यानाला जायची आहे. त्यावर तो कुंपणाला टेकून बघत राहिला. तिसरा खिळा निघाला तेव्हा म्हणाला, "माश्यांना विचारलंस का?"

तुझ्या संस्थेतल्या तिलेनचा परवा फोन आला होता. गुरुवारी अकादमी तुला सुवर्णपदक देणार, त्या दिवशी सभागृहाबाहेर तुझा पहिला सूक्ष्मदर्शक, जुने फोटो आणि बाबांनी रंगवलेली ती पाटी मांडायची आहे, असं म्हणाला. "ब्रेडाबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, घेऊन जा, नाहीतर झोफ्काला सांग चुलीत घाल." तो हसला. मी हसले नाही. उद्या सकाळी तो खोकं घेऊन येणार आहे.

ती सभा तुला माझ्यापेक्षा चांगली आठवत असेल. तू मधमाशी-संस्थेत नुकतीच लागली होतीस. उन्हाळाभर काड्यापेट्यांतून खोऱ्यातल्या घराघरातल्या माश्या गोळा केल्यास आणि त्यांच्या पंखांवरच्या शिरा मोजल्यास. हिवाळ्याच्या तोंडावर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळे मधपाळ जमले. आधी तू आनुवंशिकता समजावलीस. नर न फळलेल्या अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. पुरुष हसले. मग कोणाच्या इथल्या करड्या मधमाश्यांत इटलीची पिवळी माशी मिसळली आहे, त्यांची नावं तू वाचलीस. पहिलं नाव बाबांचं. सगळ्या राण्या बदलाव्यात. बाबांनी हॉलमध्येच टोपी घातली आणि उठले. त्या पिवळ्या राण्या त्यांनी कोटाच्या खिशातून सीमेपलीकडून आणल्या होत्या आणि त्यांच्याच मधावर तू ल्युब्ल्यानात शिकलीस. ते दारात पोचले तेव्हा गाश्पेर मागून म्हणाला, "येर्नेय, नराला बाप नसतो हे आज कळलं. तुझ्या पोरीलाही नाही वाटतं."

त्या हिवाळ्यात बाबांनी पाटी रंगवली. आपल्याकडे ज्याच्यावर राग, तो चित्र होऊन मधपेटीच्या पाटीवर चढतो. गोगलगाईला भिऊन पळणारे शिंपी आणि भांडखोर बाईची जीभ सहाणेवर घासणारा सैतान यांच्या शेजारी तू चढलीस. पांढरा कोट, हातात चिमटा, समोर माश्यांची रांग, प्रत्येकीच्या हातात सीमेवर दाखवतात तसा परवाना, आणि तुझ्या खांद्यामागे कंदील धरून उभा सैतान. घरामागच्या रस्त्यावरून जाणारे थांबून हसायचे. ईस्टरला तू आलीस. रस्त्यावरच, कुंपणापाशी उभी राहून बघितलंस. अक्रोड भरलेल्या गोड पोतीत्सा-पावाचा डबा खांबावर ठेवलास आणि दुपारच्या बसने परत गेलीस. पुढे आई गेली तेव्हा आलीस, बाबा गेले तेव्हा आलीस. घरामागे कधी गेली नाहीस.

त्याच वर्षी मे महिन्यात टपालाने संस्थेची राणी आली, जाळीच्या इवल्या पिंजऱ्यात. बाबांनी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर तशीच ठेवली. दोन जेवणं तिच्या शेजारी झाली. शेवटी आई म्हणाली, "येर्नेय, पोरीवर राग धर, पण टपालावर धरू नकोस. हिचा पिंजरा मी उघडला आणि ही मला डसली, तर उद्यापासून स्वयंपाक तुझ्याकडे." बाबा उठले. माश्यांवर धूर सोडायचं धुराडं मी धरलं. सगळ्यांत जास्त मध देणारी पेटी त्यांनी उघडली, तिची पिवळी राणी शोधली आणि अंगठ्याने चिरडली. मग तुझी राणी आत सोडली आणि तुझी पाटी आधीच्या पेटीवरून काढून त्या पेटीच्या तोंडावर ठोकली. म्हणाले, "आता ही हलवायची नाही. तिच्या माश्या घर चुकतील." बाकीच्या पेट्यांत पुढे त्याच राणीच्या लेकी गेल्या. राण्या बदलल्याचं मधपाळ संघाने तुला कळवलं. सुरुवात कुठल्या पेटीपासून झाली, हे कळवायचं कोणाला सुचणार?

तुझं पुढचं सगळं आम्ही वर्तमानपत्रातून वाचलं. पंखांच्या शिरा मागे पडल्या, डीएनए आला. मग तूच लिहिलंस की तुझ्या पहिल्या अहवालात काही घरांवर अन्याय झाला, पंख मिसळलेले दिसले तरी वंश शुद्ध होता. नावं घालून लिहिलंस, तुझ्याच सहीने. खोऱ्यात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. गाश्पेरचं नाव त्यात होतं. तो बाटली घेऊन आला आणि बाबांना म्हणाला, "बघ, माझ्या बाबतीत तुझी पोरगी चुकली होती." बाबांनी ती यादी वरून खाली बोट फिरवत वाचली. स्वतःचं नाव सापडलं नाही. चष्मा काढून म्हणाले, "माझ्या बाबतीत चुकली नव्हती." असा ताठ बसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता उन्हाळ्यात पाहुणे येतात तेव्हा गाश्पेरच त्यांना फिरवतो. सांगतो, "आमच्या ब्रेडाने माझ्या माश्यांचे पंख मोजलेत. बायकोनेसुद्धा मला कधी एवढं निरखून बघितलं नाही." पदकाचं कळलं तेव्हा म्हणाला, "सोन्याचं म्हणजे पिवळंच ना? जन्मभर पिवळं हाकललं, आणि शेवटी तेच गळ्यात घालणार." मग संघातल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन सांगून आला.

तर आज पाटी काढली आणि उजेडात बाकावर ठेवली. ऊन रंग खातं म्हणून बाबा दर जानेवारीत ती रंगवायचे, हे मला माहीत होतं. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूकडे बघतं कोण? चित्र सगळ्यांना पाठ होतं. ब्रेडा, ते चित्र आता राहिलेलं नाही. त्या मुलीला चष्मा आहे. तू पहिल्यांदा टीव्हीवर आलीस तेव्हा होता तो, काळ्या काडीचा. केस पांढरे आहेत. रांगेतल्या पिवळ्या माश्या करड्या झाल्या आहेत. एकच पिवळी शेवटी उरली आहे, हातात ट्रंक घेऊन. आणि कंदील धरणाऱ्याला शिंगं नाहीत, शेपूट नाही. त्याच्या डोक्यावर टोपी आहे. तपकिरी, डाव्या बाजूला दबलेली. ती टोपी तू ओळखशील. कंदील त्याने पहिल्यापेक्षा वर धरला आहे. उजेड तुझ्या हातांवर पडतो.

गाश्पेरला हाक मारली. तो कुंपण ओलांडून आला, पाटीवर वाकला आणि म्हणाला, "घाल परत जागेवर." तोवर फुलांवरून परतलेल्या माश्या पेटीपुढे हवेत तरंगत होत्या, आत शिरत नव्हत्या. मी पाटी ठोकली. त्या आत गेल्या.

म्हणून हे पत्र. पाटी चुलीत घालणार नाही आणि सभागृहातही पाठवणार नाही. तिथे लोक जुन्या गोष्टीवर हसतील, आणि तू त्यांच्याबरोबर हसशील, न बघता. गुरुवारी पदक घे, मान ताठ ठेवून घे, आम्ही सगळे टीव्हीसमोर असू. मग शुक्रवारी इकडे ये आणि घरामागे चल. बाबा गेल्यापासून कोणी रंग लावलेला नाही, कंदिलाखालचे पापुद्रे सुटले आहेत. माझा हात आता थरथरतो. तुझा स्थिर असेल, एवढे पंख मोजलेस. रंग मी आणून ठेवते. पदकही आण, गाश्पेरला दाखवावं लागेल.

तुझीच,
झोफ्का

ता. क. सकाळी तिलेन आला. पाटी दिली नाही. रिकामं खोकं घेऊन तो निघाला आहे, हे पत्र त्याच्याच हाती देते. ऊन पडलं आहे आणि माश्या बाहेर निघाल्या आहेत.