मितवल्ली नक्की कधी मेला

आदरणीय बहीजा मावशी,

वजीहचा सलाम. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि त्या म्हशीने लाथ मारलेला शेजारी, सगळे आता बरे असतील अशी आशा करतो. आईची साखर वाढली आहे, पण दोष ती बसबूसा मिठाईला न देता मला देते. मीही बरा आहे, म्हणजे तुझ्या गावाने ठेवला तेवढा.

मावशी, गेली अठरा वर्षं मी तंटा शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत मेलेल्या माणसांवरचे किडे तपासतो. (आई पाहुण्यांना ‘सरकारी डॉक्टर’ एवढंच सांगते आणि घाईघाईने चहा आणायला उठते.) माणूस मेला की निळी माशी लगेच येते, अंडी घालते. त्या अळ्या किती वाढल्या, ऊन किती होतं, हे पाहून मी उलटं मोजत जातो आणि मेल्याची वेळ सांगतो. शरीर सुकत आलं की वेगळी मंडळी येतात. त्यांत एक बारीक पांढरी अळी असते, ती अंगाचं वेटोळं करून टुणकन उडी मारते. ती दिसली की महिना उलटला असं समजायचं. हे पुस्तकात आहे, आणि पुस्तक मला पाठ आहे.

तर तुमचा मितवल्ली चीजवाला गुरुवारी आपल्या गोदामात मेलेला सापडला. आरोग्य निरीक्षकाने दारातूनच नाक दाबून दाखला लिहिला आणि गावाने रीतीप्रमाणे त्याच दुपारी त्याला पुरून टाकलं. मग कोणाला तरी शंका आली. माझ्या हाती काय लागलं, तर हवालदार बयूमीने पाठवलेली एक बाटली. साध्या अळ्यांची बयूमीला किळस येते, म्हणून त्या त्याने झाडून टाकल्या होत्या. उड्या मारणाऱ्या तेवढ्या, गंमत वाटली म्हणून, मयताच्या कपड्यांवरून वेचून ठेवल्या. मी त्या पाहिल्या आणि लिहून दिलं, मृत्यू किमान चाळीस दिवसांपूर्वीचा. मितवल्लीची बायको नईसा मात्र म्हणत होती की सोमवारी संध्याकाळी ती मुलीकडे गेली तेव्हा नवरा ठणठणीत होता. म्हणजे बाई खोटं बोलते, महिनाभर प्रेत लपवून बसली होती. सरकारी वकिलांनी तिला आत टाकलं. यात माझं काय चुकलं?

पण तुझ्या गावाला शास्त्राशी देणंघेणं नाही. मी चौकशीला आलो तर न्हावी म्हणाला, शनिवारीच त्याची दाढी केली. इमामसाहेब म्हणाले, शुक्रवारी तो पहिल्या रांगेत होता. (पहिली रांग हा काय पुरावा झाला?) कॉफीच्या दुकानात एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, “डॉक्टर, म्हणजे त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण बुडालंच की आमचं. तेवढं तुम्हीच घाला आता.” आणि नईसा! मी समोर उभा असताना ती वकिलांना म्हणाली, “साहेब, सोमवारी दुपारभर तो माझ्याशी मिठावरून भांडला. मेलेल्या माणसाला एवढा दम असतो का?” कारकून हसला. मीसुद्धा पदवी घेतलेला माणूस आहे, मावशी.

आणि सगळ्यांवर कडी केलीस ती तू. सख्ख्या भाच्याला दार उघडलं नाहीस. खिडकीतून भाकरी आणि मिश पुढे केलंस आणि म्हणालीस, “नईसा सुटली की घरात बसून जेव.” तेही मी गिळलं असतं. पण मिश म्हणजे रांजणात वर्षभर मुरलेलं तुझं ते खारट चीज, त्यातून एक अळी उडाली ती थेट माझ्या बाहीवर! एकेचाळीस वर्षं मी मिश खातोय, आई निवडून, कुटून, मिरची घालून ताटात वाढते, कधी एक अळी दिसली नाही. हा अपमान मी विसरणार नाही.

तुझा दुखावलेला भाचा,
वजीह

ता. क. ती अळी मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून बाटलीत भरून आणली होती. काल भिंगाखाली धरली. बयूमीच्या बाटलीतली, तीच आहे. पुस्तकात चीजचाही उल्लेख आहे, पुढच्या पानावर. मितवल्ली पडला तेव्हा मिशचा एखादा रांजण फुटून त्याच्या अंगावर सांडला होता का, एवढं बघ, आणि त्यातलं चमचाभर बयूमीसमोर बाटलीत भरून सील करून पाठव. आईला यातलं काही कळवू नकोस.

ता. क. दुसरा. नवा अहवाल लिहिला. ‘या अळ्यांवरून मृत्यूची वेळ सांगता येत नाही’, एवढंच वाक्य आहे. अठरा वर्षांत असलं वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं, त्याला सबंध रात्र लागली. शनिवारी वकिलांसमोर उभा राहून वाचणार आहे, मग नईसा घरी येईल. अकरा दिवस ती आत आहे. नवऱ्याच्या दुखवट्याला तिला बसता आलं नाही, कोणी तिच्या दारात आलंही नाही. रविवारी तुझ्या अंगणात खुर्च्या मांड आणि गावाला बोलाव. मी येतो. मितवल्ली सोमवारी दुपारी जिवंत होता आणि मिठावरून भांडत होता, हे मला तिथे सगळ्यांसमोर सांगायचं आहे. आणि किड्यांवरून नाही, नईसाच्या शब्दावरून सांगायचं आहे.