मुक्कामाची सूर्यफुलं

९ जानेवारी
शेजारच्या पद्माक्कांनी भिंतीवरून हाक मारली. "नर्सबाई, रिकाम्या हायसा का?" रिटायर होऊन तीन महिने झाले, तरी नर्सबाईच. रिकामीच होते, गेले. ऑक्टोबरात पलूसच्या ह्या घरात राहायला आलो तेव्हा भिंतीपलीकडं डोक्याहून उंच सूर्यफुलं पेटल्यासारखी फुललेली. सामान उतरवायचं सोडून बघत बसले होते. आता तिथं नुसते वाळके दांडे. म्हटलं, मेली वाटतं. अक्का हसल्या. "शेतातली सूर्यफुलं पाव्हणी. येत्यात, बी देत्यात, जात्यात. ही मुक्कामाची. वरचं वाळतंय, खाली जित्तं असतंय." मातीत हात घातला आणि आल्यासारखा गाठाळ कंद काढून माझ्या तळव्यावर ठेवला. गार, जड.
उद्या मला लावायला देणार आहेत.

१० जानेवारी
अक्का वय ७५. वाफा काल संध्याकाळीच भिजवून ठेवलेला. उकिडव्या बसून बोटांनी माती सैल करत, एकेक कंद उचलत होत्या. हत्यार म्हणून नाही. माझी आपली घाई. एक मोठा कंद विळ्यानं दुभागला, एकाचे दोन होतील म्हणून. अक्कांनी दोन्ही फोडी घेतल्या, कापल्या जागी राख चोळली, मग म्हणाल्या, "दोनी जगतील. पर तुमी त्याला इचारलं न्हाईसा."
पस्तीस वर्षं सुया टोचल्या. कुणाला विचारलं?

१७ जानेवारी
आमच्या अंगणात बारा कंद लावले. चार बोटं खोल, मध्ये दीड हात अंतर. भिंतीच्या कडेनं पत्र्याचा तुकडा उभा पुरला. अक्का म्हणतात, ह्यांना मोकळं सोडलं तर दोन वर्षांत तुमच्या चुलीपाशी येतील.
उरलेल्या कंदांच्या ह्यांनी काचऱ्या केल्या. ह्यांनी मिलिटरीत असताना वर पहाडात कुठं तरी खाल्ले होते म्हणे. चव बरी, बटाटा आणि शिंगाड्याच्या मधली. दुपारभर ह्यांचं पोट ढोलासारखं. अक्कांना सांगितलं तर भिंतीला धरून हसल्या. त्यांच्या जैनांच्या घरात कंदमुळं खात नाहीत. "पंचवीस वरसं लावतीया, अजून चव म्हाईत न्हाई," म्हणाल्या. "फुलं बघायची, बास."

३ मार्च
काही नाही. माती. रोज सकाळी जाऊन बघते. हे म्हणाले, पेशंट दगावला वाटतं.

२२ एप्रिल
उन्हानं कहर केलाय. अक्कांच्या सांगण्यावरून उसाचं पाचट पसरलं. आठवड्यातून एकदाच पाणी. मला राहवत नाही, मी दोनदा घालते. अक्कांना कसं कळलं कोण जाणे. "नर्सबाई, लय सलाईन लावू न्हका. कुजंल."

१९ मे
आले! बारापैकी नऊ. त्यात विळ्यानं कापलेली दोन्ही आहेत. वळीव पडून चार दिवस झाले होते.
अक्कांना बोलावलं. वाकून तण काढायला लागल्या. कोंब सोडून बरोबर तण. मी बघत राहिले. प्रत्येक पान आधी अंगठ्यानं चाचपतात, मग उपटायचं का ठेवायचं ते ठरवतात. सूर्यफुलाचं पान मांजराच्या जिभेगत खरखरीत, तणाचं गुळगुळीत. आणि नजर मात्र समोर, भिंतीकडं.
नोकरीत असे डोळे किती बघितले.

२० मे
विचारलंच. समोर बोटं धरली, "अक्का, किती?" त्या म्हणाल्या, "दवाखाना तिकडं. हितं बाग हाय."
मग पायरीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. कडेचं आधी गेलं, आता समोर फक्त वाटीएवढं दिसतं, तेही धुक्यातून. कुणाला माहीत नाही. मुलगा अजित पुण्यात. कळलं तर घेऊन जाईल, चौथ्या मजल्यावर. "त्येला सांगू न्हका. तुमास्नी माज्या गळ्याची आन हाय."
म्हणजे गेली दोन वर्षं ही बाई न बघता एवढी बाग सांभाळते आहे. स्वयंपाक, जैन बस्तीतलं दर्शन, दिवस मावळायच्या आत जेवण, सगळं. कंद बोटांनी काढतात तो जीव न दुखवायचा नेम असेल, पण आता दुसरं साधन तरी कुठं आहे.
मी हो म्हटलं. चूक की बरोबर, कोण जाणे.

२ जून
अक्कांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. भांडून. काचबिंदू. गेलेली नजर येणार नाही, उरलेली राखता येईल. थेंब दोन वेळा, जन्मभर, एकही दिवस चुकवायचा नाही. येताना गाडीत अक्का म्हणाल्या, "म्हंजे फांदी गेली, खोड हाय."
थेंब मी घालायचे ठरलं. सकाळी सात, संध्याकाळी सहा.

५ जुलै
शेंडे खुडले. मला जीव होईना, कमरेएवढी झालीत, एवढी छान, आणि शेंडा मोडायचा? अक्कांनी माझं बोट धरून वरच्या चार पानांखाली नेलं, "हितं." टचकन मोडलं. "आता रुसंल चार दिस. मग बगा कशी अंग धरतीया. उंच गेली की वाऱ्यात पडती, बुटकी ठेवली की चारी अंगानं फुलती."

२६ जुलै
खरंच. प्रत्येक शेंड्याजागी दोन-तीन फुटवे.
पानांवर भुरी. मला दिसायच्या आधी अक्कांच्या बोटांना कळली. "पीठ आलंय पानावर." इथं द्राक्षवाल्यांना विचारलं तर दहा औषधं सांगतील. अक्कांनी पातळ आंबट ताक शिंपडायला लावलं. खालची दाट पानं काढली, वारा खेळायला.
थेंब: एकही चुकला नाही.

१९ ऑगस्ट
व्हायला नको ते झालं. पहाटेपासून वारा-पाऊस. अक्कांची झाडं शेंडे खुडूनही डोक्यावर गेलेली, ती लोळली. मी सातला थेंब घालायला गेले तर अक्का वाफ्यात चिखलात पडलेल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्या हातात. झाडं बांबूला बांधायला एकट्याच उतरल्या होत्या. डावं मनगट सुजलेलं. पहिला शब्द काय तर, "तीन बांधली, चार ऱ्हायली."
प्लास्टर झालं. दवाखान्यातूनच अजितला फोन केला. डोळ्यांचंही सांगितलं. आण मोडली.
उरलेली चार झाडं ह्यांनी बांधली. मी घरी येऊन रडले.

२१ ऑगस्ट
अजित येऊन गेला. गरीब स्वभावाचा मुलगा. पन्नाशीला आला तरी आईपुढं शाळकरी. "आई, सांगायचंस की गं." अक्का भिंतीकडं तोंड करून. दिवाळीनंतर पुण्याला न्यायचं ठरवून गेला. तोवर दोन्ही वेळच्या जेवणाला आणि कामाला एक बाई लावली.
अक्का माझ्याशी बोलत नाहीत.

२५ ऑगस्ट
बोलत नाहीत, पण सातला दाराची कडी काढलेली असते. खुर्चीत मान मागं टाकून बसलेल्या. मी थेंब घालते, डोळे मिटतात, मी दोन मिनिटं मोजते, उठते. "येते अक्का." संध्याकाळी परत तेच.
हे म्हणतात, तू केलंस ते बरोबर केलंस. बरोबर असून काय उपयोग.

१ सप्टेंबर
सकाळी थेंब घालून वळले, मागून आवाज, "डाव्या डोळ्यात दोन पडले आज."
तेरा दिवसांनी. मी दारातच उभी. म्हटलं, "चुकलं अक्का."
"चुकलंच," त्या म्हणाल्या. मग मान सरळ करून, "थेंबाचं म्हनतीया मी. फोनचं न्हाई." आणि कामाच्या बाईला दोन कप चहा टाकायला सांगितला.

१८ सप्टेंबर
आमच्याकडं पहिलं फूल. तळहाताएवढंच, शेतातल्यासारखं परातीएवढं नाही. पण एका झाडावर साठ-सत्तर कळ्या. अक्कांकडं तर मोजदाद सोडून दिली.

६ ऑक्टोबर
काय सांगावं. दोन्ही अंगणं पिवळी. भिंत मध्ये आहे हे कळत नाही. एस.टी. स्टँडकडं जाणारी माणसं थांबतात. प्राध्यापक होते कुणी, फोटो काढून घेऊन गेले. वाळलेली फुलं रोज खुडायची, की नवी येतात. ते काम अक्कांचं. ताज्या फुलाची पाकळी ताठ, उतरलेल्याची ओल्या कागदासारखी. बोटं फिरतात आणि नेमकं उतरलेलंच हातात येतं. मी डोळे मिटून करून बघितलं. पाच खुडली, त्यातली तीन ताजी निघाली.

७ ऑक्टोबर
अक्का सकाळी पायरीवर कान देऊन बसलेल्या. म्हणाल्या, "वरच्या अंगाला आज जास्त फुललंय." जाऊन बघितलं. खरं. कसं कळलं? "माश्या तिकडं गेल्यात."

१२ ऑक्टोबर
अजित चार दिवस राहायला आलाय. सुट्टी काढून. दिवसभर खुर्ची टाकून आईकडं बघत असतो. काल त्यानं दारापासून वाफ्यापर्यंत नायलॉनची दोरी बांधली, धरून चालायला. अक्का कडाडल्या. "सोड ती. मी काय म्हस हाय?" दोरी निघाली. आज तिच्यावर कपडे वाळत घातलेत.

१४ ऑक्टोबर
अजित आमच्याकडं चहाला आला. म्हणाला, "काकू, मला वाटलं होतं ती कशीबशी दिवस काढत असेल. ती तर... काल मी चहाचा कप चुकीच्या फळीवर ठेवला, तर मलाच बोलली."
मी म्हटलं, "इथं त्यांना प्रत्येक पायरी पाठ आहे. तुमच्याकडं पहिल्यापासून शिकावं लागेल."
"आणि इथं परत पडली तर?"
ह्यांनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

१५ ऑक्टोबर
शेवटी अक्कांनीच सोडवलं. अजितला म्हणाल्या, "चल, येते मी. एक म्हैना. तुजं घर कसं हाय त्ये बगते. मग मी ठरवनार, तू न्हाई." अजित हो म्हणाला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोराच्या जिवाला लय घोर लागलाय, नर्सबाई. त्येचा त्यो घोर तरी उतरंल."
स्वतःच्या भीतीचं एक अक्षर नाही. मला आख्ख्या नोकरीत असं धीराचं माणूस भेटलं नाही.

१४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. अक्का सकाळी गेल्या. गाडीत बसायच्या आधी वाफ्याला एक फेरी. उरल्यासुरल्या फुलांवरून हात फिरवला, एकही खुडलं नाही. थेंब कसे घालायचे ते सुनेला मी फोनवर दोनदा समजावलं. एक वेळी एकच थेंब.
संध्याकाळी सहाला मी सवयीनं चप्पल घालून निघाले. हे म्हणाले, "कुठं?"

१० डिसेंबर
झाडं वाळत चालली. कापत नाही अजून. पूर्ण वाळू द्यायची म्हणजे सगळं बळ खाली कंदात उतरतं. परवा जमिनीला भेगा दिसल्या, आत कंद फुगलेत. नऊ झाडं जगली होती, खाली किती असतील देव जाणे.

१६ डिसेंबर
अक्कांचा फोन. महिना होऊन वर दोन दिवस झाले. आवाज खणखणीत. कशा आहात विचारायच्या आत सुरू. अजितच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुंड्या आहेत, पन्नास तरी. "धा बायका हायत हितं, शिकल्या-सवरल्या, एकीलाबी पानी घालाय येत न्हाई. समद्या कुंड्यांची मुळं कुजीवल्यात. मी हात घालून बघितलं." रोज चारला लिफ्टनं वर जातात. बायका खाली बसतात, ह्या सांगतात. लिफ्टमधली बटणं पाठ झालीत. सून म्हणे सांगत होती, सासूबाईंना भेटायला आता रांग असते.
मी ऐकत होते, हसत होते.
म्हटलं, "अक्का, मग कवा येताय?"
पलीकडं कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "आले आले," त्या तिकडं म्हणाल्या. मग मला, "नर्सबाई, ठेवते. त्या बायका वर जाऊन थांबल्यात."