साहेबांनी फक्त ऐकायचं

सोम. ५ फेब्रु. ९६
चीफसाहेबांनी बोलावलं. नवे सहा सब ऑफिसर आलेत, त्यांचा दोन महिन्यांचा वर्ग मी घ्यायचा. जुना अभ्यासक्रम हातात दिला. शिडी, होज, पंप, नियम, सलाम. माणसं कशी सांभाळायची यावर एक ओळ नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. बढतीचं पत्र आलं, खांद्यावर पट्टी आली, झालो साहेब.

म्हटलं, आठवड्यातून एक तास वेगळा द्या. फायरमन बोलतील, ऑफिसर ऐकतील. उलट उत्तर त्या दिवशी द्यायचं नाही.

"काय बोलतील?"

"आमचं काय चुकतं ते."

बराच वेळ चष्मा पुसत बसले. "करून बघा जाधव. शिस्त गेली तर तुमच्या नावावर."

मंगळ. ६
तास कशासाठी मागितला ते चीफना सांगितलं नाही. इथे लिहायला हरकत नाही. काशासाठी.

काशिनाथ म्हात्रे. अकरा वर्षं एका बंबावर होतो. मी साताऱ्याकडचा, पाण्याला घाबरणारा. त्याने मला खाडीत ढकलून पोहायला शिकवलं आणि काठावर पोट धरून हसत बसला. "ए जाधवा" अशी हाक मारायचा, अख्खं स्टेशन वळून बघायचं.

गेल्या वर्षी पावणे गावातल्या रंगाच्या कारखान्यात आग. मला साहेब होऊन चार महिने झाले होते. काशाला मागच्या दाराने आत पाठवलं आणि पुढच्या बाजूला एका पोरगेल्या फायरमनच्या हातातून होज ओढून घेऊन स्वतःच पाणी मारायला लागलो. हाताला सवय तीच. मारता मारता काशाला विसरलो. साफ विसरलो. तो आपला आपण बाहेर आला, उजवा हात भाजलेला.

तेव्हापासून तो वॉच रूममध्ये आगीच्या वर्दीचे फोन घेतो आणि मला साहेब म्हणतो. रोज दिसतो. रोज दिसणाऱ्या माणसाची इतकी आठवण यावी, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

शुक्र. ९
पहिला तास. सहा ऑफिसर एका बाजूला, दहा फायरमन समोर. म्हटलं बोला. शेवटी एकजण उठला, "साहेब, बराकीतला नळ गळतो." दुसरा म्हणाला, सगळं ठीक आहे साहेब. मग सगळ्यांचंच सगळं ठीक.

काशा मागे भिंतीला टेकून. मी मुद्दाम विचारलं, म्हात्रे, तुमचं काय?

"आपलं काय नाय साहेब."

आणि खिडकीबाहेर बघत बसला. माझा चेहरा पडलेला सहाही जणांनी पाहिला असणार.

रवि. ११
सुट्टी. बायकोला, सुधाला, शुक्रवारचं सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याच्या घरी गेला होतात?"

"हॉस्पिटलात गेलो होतो की दोनदा."

"घरी विचारलं मी."

गेलो नव्हतो. पूर्वी महिन्यातून एकदा तरी जेवण तिकडे. त्याची बायको वनिता निवट्यांचं कालवण करायची, मी काटे काढत बसलो की काशा चिडवायचा, "ह्यो घाटी मासा खातो का शाळेचा पेपर तपासतो?" दीड मैलावर घर आहे. वर्षभरात त्या रस्त्याला वळलो नाही. मला तो परत हवाय, पण घरी जायचं धाडस नाही. म्हणून वर्ग काढून बसलोय. सुधा तोंडावर बोलली नाही, पण तिच्या लक्षात आलंय.

शुक्र. १६
आज युक्ती बदलली. आधी मीच मधल्या खुर्चीत बसलो. म्हटलं, सुरुवात माझ्यापासून. माझ्याबद्दल बोला, मी तोंड उघडणार नाही.

मग लीडिंग फायरमन सावंत (पुढच्या वर्षी रिटायर, त्याला कुणाची भीती नाही) म्हणाला, "साहेब, तुमी वायरलेसवर एकच ऑर्डर तीनदा देता. तिन्ही वेगवेगळ्या." हशा. तोंडावर हात धरून बसलो. मग बांध फुटला. कोण साहेब गाडीतून उतरतच नाही, कोण स्वतःची चूक ड्रायव्हरवर ढकलतो. नव्यांतला देशपांडे लालबुंद झाला, उत्तर द्यायला उठला, मी हाताने बसवला. बाकीच्या पाचांपैकी दोघं वहीत लिहून घेत होते. कितीतरी दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

काशा गप्प.

मंगळ. २०
देशपांडे चीफकडे गेला. अपेक्षित होतंच. चीफसाहेब म्हणाले, "वर्ग चांगला चाललाय. तो तास तेवढा काढा. मग ट्रेनिंग कायमचं तुमच्याकडे देतो, तशी वर शिफारस करतो." या शुक्रवारी शेवटचा घ्या, मग बंद.

ट्रेनिंग कायमचं. हेच तर हवं होतं. तरी जिना उतरताना एकच डोक्यात, काशाला बोलायला एकच शुक्रवार उरला.

शुक्र. २३
बोलला.

कुणी विचारलं नव्हतं. तास संपत आला होता. भिंतीला टेकूनच बोलला, आवाज चढवला नाही. जसं आठवतं तसं लिहितो.

"जाधवसाहेब मना आत पाठवून इसरले. सगल्यांना म्हाईत हाय. त्याचा राग नाय. आगीत मानूस इसरतो. पन मागारी कागद लिवला. म्हात्रेनी हातमोजा सोताच काढला, सोताच्या बेफिकिरीनी भाजला, असा लिवला. मी काढला नवता. मोजा फाटका व्हता. आठ दिस आधी साहेबांनाच दाखवला व्हता. गाडीवरशी काढल्याची ऑर्डर घरी आली, तिला त्यो कागद जोडलेला. माझे पोरीनी वाचून दाखवला. अकरावीला हाय ती. तिनी इचारला, बाबा, तुमी असं कसं केलं?"

मग माझ्याकडे बघून, वर्षात पहिल्यांदा सरळ बघून:

"आयकून काय करू साहेब? ती ओळ काढा."

उत्तर द्यायचं नाही हा नियम माझाच. त्या क्षणी नियमाचे आभार मानले, आणि त्याची लाज वाटली. वॉच रूमचा फोन वाजला म्हणून तो उठून गेला.

शनि. २४
जुनी फाईल काढायला लावली. अक्षर माझं, सही माझी. "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे."

ही ओळ विसरलो होतो असं लिहिणार होतो. खोटं. विसरलो नव्हतो, त्या बाजूला बघत नव्हतो. वर या पानांवरही सगळं लिहिलं, हे सोडून. फाटके मोजे बदलून मागायचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये सहीवाचून पडला होता. मोजा फाटका होता असं लिहिलं असतं तर पहिला प्रश्न मला आला असता. नवीन साहेब, चार महिन्यांचा. घाबरलो. एका ओळीत काशाला गाडीवरून उतरवलं आणि वर वर्षभर रुसून बसलो की तो मला हाक मारत नाही.

सुधाला फाईलचं सांगितलं. तिने चहा दिला.

सोम. २६, स्टेशनवर, दुपार
सकाळी चीफसाहेबांना पत्र दिलं. हातमोजा फाटका होता, मला दाखवला होता, अहवालातली ओळ खोटी आहे, मी लिहिली. चार वाक्यं. रविवार त्यातच गेला.

दोनदा वाचलं त्यांनी. "चौकशी लागेल. ट्रेनिंगचं विसरा. पट्टी राहील का तेही सांगता येत नाही." मग पत्र टेबलावर उपडं ठेवलं. "आवक शिक्का मारलेला नाही. बुधवारपर्यंत इथेच आहे. न्यायचं असेल तर घेऊन जा, मी पाहिलं नाही."

खाली आलो, काशाला सांगायला. तो फोनवर होता. फोन ठेवता ठेवता त्याने घंटा दाबली. तुर्भ्याला गोदामात आग लागल्याची वर्दी. चिठ्ठी माझ्या हातात दिली, मी निघालो. सांगायचं राहिलं.

आग छोटी होती, पुठ्ठे. मी रस्त्यावर उभा राहिलो, कशाला हात लावला नाही. सगळ्यांना नावाने परत बोलावलं.

आता पावणेचार. काशाची शिफ्ट दोनला संपली. खिडकीतून दिसतोय. घरचे कपडे घालून बाहेरच्या बाकावर बसलाय. सावंत म्हणतो, पत्राची गोष्ट क्लार्कने स्टेशनभर केली, आणि काशा तेव्हापासून बसून आहे.

बुधवार अजून दोन दिवसांवर आहे. पत्र परत नेणार नाही, असं मनाशी म्हणतोय. पण गेल्या वर्षीही मनाशी बरंच म्हटलं होतं, आणि त्यालाही ते माहीत आहे.

दोनदा हात धुऊन झाले. जातो बाहेर.