चोवीस तासांचा कॅन

मंगळवार, अमावास्या

उद्या पुन्हा पहिल्यापासून! ल्युपसच्या आजारानं माझी किडनी किती बिघडलीय, लघवीतून प्रोटीन किती जातंय, ते बघायला डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायला सांगितलेली. कॅन भरत आला होता. त्यावर चिठ्ठी का नाही चिकटवली मी? दुपारी जरा डोळा लागला, तेवढ्यात मंद्रूपहून सासूबाई आल्या. उठून बघते तर कॅन रिकामा! अमावास्या म्हणून, गोमूत्र समजून, त्यांनी घरभर शिंपडलं आणि उरलेल्याचा दारात सडा घातला. देवघरसुद्धा सोडलं नाही. आता सांगू कसं?

"घर लई प्रसन्न वाटतंय की," त्या म्हणाल्या. "कुटल्या गाईचं गं हे?"

रिकाम्या कॅनकडे बघत म्हटलं, "घरचीच हाय, आत्या."