स्थिर मानेची मोटरसायकल

३ फेब्रुवारी १९४७, सोमवार
पुण्याहून संपादकांचे कार्ड. तेरा तारखेस कलेक्टरसाहेब पाथर्डीला दुष्काळी कामांची पाहणी करणार. सर्वांत चांगला वृत्तांत पाठवील त्याला 'खास प्रतिनिधी' नेमून बातमीवर नाव छापणार. आजवर मी 'आमच्या नगरच्या वार्ताहराकडून' एवढाच होतो. कार्ड नगरचाच दुसरा वार्ताहर कानिफनाथ यालाही गेले आहे. तो सर्व्हिस मोटारीने जाणार. सर्व्हिस मोटार सडकेने जाते. दुष्काळ सडकेवर नसतो. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली मोटरसायकल आहे, नदीनाल्यांतून जाणारी. फक्त ब्रेक दाबला की हँडलाखालची मान खटखटते. मान घरीच बसवणार. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
यंत्राबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक वाचले. प्रकरण 'स्टीअरिंग हेड'. स्टीअरिंग हा शब्द आपल्या 'स्थिर'वरून निघाला हे उघड आहे. साहेबलोकांना पत्ता नसावा. सबब, हँडल जितके स्थिर तितके उत्तम. मानेत पोलादी छर्रे असतात, ते झिजले आहेत. पुढे मात्र लेखक एकाएकी कप आणि रेस यांच्या मागे लागतो. सोल्जरांचे पुस्तक, शर्यती आणि बक्षिसे यायचीच. ती पाने सोडली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
भिंगारच्या बाजारात मोहियोद्दीनच्या भंगार दुकानी गेलो. छर्रे मागितले. म्हणाला, छर्रे बसत्यात त्या वाट्या बी घ्या की साहेब, जोडीनंच बदलत्यात. दुकानदारांना एकावर एक खपवायची खोडच असते. म्हटले, वाट्या घरात पुष्कळ आहेत. त्याने माझ्याकडे नीट पाहिले, छर्रे पुडीत बांधले आणि चहा मागवला. पूर्वी कधी मागवला नव्हता. गावात आपला मान वाढतो आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
आरंभ. वरचा नट सोडताच चाक खाली आणि सगळे छर्रे अंगणभर. एक शेजारच्या याकोबमास्तरांच्या कोंबडीने गिळला. जुनाच होता. बाकी भाग धुण्यात घरातले रॉकेल संपले. स्टो पेटेना तेव्हा ही म्हणाली, आता आमटी तुमच्या फटफटीवरच ठेवते, निदान ती तरी तापेल.

९ फेब्रुवारी, रविवार
मानेच्या आत वर-खाली पोलादी कडी आहेत. त्यांवर ओळीने खळगे. नवा प्रत्येक छर्रा आपापल्या खळग्यात असा बसला, जणू जागा राखून ठेवलेली. लष्कराची दूरदृष्टी.
हिने वाकून पाहिले. म्हणाली, जातं झिजलंय आणि तुम्ही दाणे बदलताय. बायकांना सगळीकडे स्वयंपाकघर दिसते.
याकोबमास्तर चर्चहून येताना थांबले. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. मानेतल्या कड्यांकडे बोट करून विचारले, शास्त्रीबुवा, रेस बदलल्यात ना? म्हटले, मला शर्यतीत उतरायचे नाही, पाथर्डीला जायचे आहे. मास्तर बराच वेळ खांब धरून उभे होते. दमा असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नट आवळला. पाय लावून पुन्हा आवळला. हँडल मध्यावर येताच कट्ट होऊन बसते, मग दोन्ही हात आणि एक गुडघा लावल्याशिवाय हलत नाही. याला म्हणतात स्थिर.
ही म्हणते, सर्व्हिस मोटारीचे तिकीट असू द्या हाताशी. ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याने काढावे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
चालवून पाहिली नाही. पेट्रोल कुपनावर मिळते. शिवाय चाचणी घेणे हे संशयी माणसाचे लक्षण. उद्याचा निम्मा वृत्तांत आजच लिहिला. खाली सही कशी शोभेल ते तीन प्रकारे लिहून पाहिले. चार वेळा उठून हँडल पाहिले. सरळ आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ
निघालो. आमच्या बोळाला दोन वळणे. दोन्ही ठिकाणी याकोबमास्तरांनी मागचे चाक उचलून गाडी फिरवून दिली. म्हणाले, पुढं पण वळणं आहेत बरं का, शास्त्रीबुवा, आणि मला दहाला शाळा आहे. शिक्षकांचा स्वभाव भित्रा.

त्याच दिवशी, दुपार. भिंगार छावणी, गार्डरूम
भिंगारजवळ सडक डावीकडे वळते. माझाही तोच विचार होता. हँडलाचा नव्हता. समोर छावणीचे फाटक उघडे. खेचरांच्या गवताच्या गंजीत थांबलो. इजा नाही. मागून येणारी सर्व्हिस मोटार वळणावर थांबली, उतारू उभे राहून पाहत होते. खिडकीत कानिफनाथ. त्याने हात केला. मीही केला. मोटार वळली.
सुभेदाराने विचारले, मुडे क्यूँ नहीं? त्याला स्थिर शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. तो बाहेर जाऊन थोड्या वेळाने डोळे पुसत आला. चहा दिला. इथेही मान.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अंक आला. पाथर्डीचा वृत्तांत, वर कानिफनाथाचे नाव. खाली बारीक टाइपात त्याचीच बातमी: 'भिंगार छावणीत एक मोटरसायकल सरळ घुसली. चालकाचे नाव समजले नाही.' आमची पंधरा वर्षांची ओळख. आणि नाव समजले नाही.
ही म्हणाली, भला माणूस, तुमची अब्रू राखली त्याने. हिने देवापुढे साखर ठेवली.
मला हे पटत नाही. बातमीत 'सरळ' असा स्पष्ट शब्द आहे, म्हणजे मानेचे काम चोख झाले. त्याचे श्रेय निनावी का राहावे? संपादकांना लिहिले: चालकाचे नाव छापून दुरुस्ती करावी. नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले.

२४ फेब्रुवारी, सोमवार
दुरुस्ती छापून आली. एकच ओळ. 'सदर चालक हे आमचे नगरचे माजी वार्ताहर होत.'
'माजी' शब्दाची व्युत्पत्ती पाहिली. संस्कृत नाही.