हळदीच्या कागदावरची आई

बाबा, रविवारी धाकटा येतोय. सोबत अकोल्याचा एक फोटोवाला आणतोय, रंगीत फिल्मवाला, आईच्या फोटोची कॉपी काढायला. "ताई, त्या फिल्मवर हळद हळदीसारखी येते म्हने, अन् कुंकू कुंकवासारखं. मले मायचं तोंड पाहाचं आहे एकडाव," म्हणाला. आई गेली तेव्हा त्याचं बारसंही झालं नव्हतं. तिचा एकच फोटो आपल्या घरात आहे आणि तोही असा, की उजेडात धरला की त्याचा रंग उडतो. चिखलीत तुमचं फोटोचं दुकान, अर्ध्या तालुक्याची लग्नं तुम्ही काढलीत, आणि घरच्या बाईचा धड एक फोटो नाही. मला हे लोकांना सांगायची अजून लाज वाटते.

तुम्हाला खोडच होती. लढाईच्या दिवसांत मुंबईहून फोटो छापायचा ब्रोमाइडचा कागद येईनासा झाला. दुसरा कोणी असता तर दुकानाला कुलूप लावून बसला असता. तुम्ही डार्करूममधून उठून सरळ आईच्या स्वयंपाकघरात आलात. पालकाचा रस, जास्वंद, बीट, काय काय कागदाला फासलंत. शेवटी जमली ती हळद. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद कागदाला लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर फोटोची सुलटी काच, म्हणजे निगेटिव्हवरून दुसऱ्या काचेवर उतरवलेली, ठेवायची आणि माळवदावर कडक उन्हात ठेवून द्यायचं. ऊन लागेल तिथली हळद उडते, काचेवरच्या काळ्या भागाखालची तेवढी राहते. मग टाकणखाराच्या पाण्यातून काढलं की राहिलेली हळद कुंकवासारखी लाल. पहिल्यांदा उमटलं ते आपलं मांजर. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "हळद सारी संपोली तुमी. आता वरन पांढरंच खा." तुम्ही खरंच पांढरं वरण खाल्लंत, वर आणखी वाढ म्हणालात. तेवढं हसणं आपल्या घरात परत कधी झालं नाही. पण हे फोटो टिकत नाहीत, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. ब्रोमाइडचा फोटो हायपोत बुडवून पक्का करता येतो. हळदीला पक्कं करणारं काही नाही, उजेड तिला खातच राहतो.

आई गेली तोवर ब्रोमाइड परत येऊ लागला होता. तुमच्याकडे तिची निगेटिव्हची काच होती, कधीतरी नव्या प्लेटी तपासायला सहज काढलेली. एक प्रत काढायला कितीसा वेळ लागला असता? मी धाकट्याला कुशीत घेऊन दारात उभी आहे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता बोलताय, "काळ्या-पांढऱ्यात तिचं कुंकू काळं दिसते. सवाष्न गेली माही बायको. काळं कुंकू लावून नाही टांगनार मी तिले भितीवर." आणि हळदीचा कागद उन्हात ठेवलात. फोटो सुंदर आला, नाही म्हणत नाही. मान जराशी वळलेली, हसू आवरत नाहीये, आणि कपाळावर लालच कुंकू. आम्हाला तो एकदाच दाखवलात आणि ब्रोमाइडच्या काळ्या कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवलात. "कोनी उघडाचं नाही. पाह्यलं का थोडी थोडी जाते ती." मी मोठी होते, मी कधी उघडला नाही.

पुढच्या दसऱ्याला उंद्रीहून देवांच्या तसबिरींचं मोठं काम आलं. काच मिळेना. जुन्या प्लेटी सोड्याच्या गरम पाण्यात घालून, वरचा थर खरवडून ती काच तसबिरीला वापरायची, ही तर तुमची नेहमीचीच रीत. त्याच डब्यात आईच्या दोन्ही काचा होत्या, उलटी आणि सुलटी. डबा रिकामा झाल्यावर तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही तिथेच ओल्या हातांनी खाली बसलात. उंद्रीत कुणाच्या तरी देव्हाऱ्यात आईची काच अजून असेल, लख्ख पुसलेली, मागे गणपती. मग हळदीच्या फोटोचीच कॉपी काढू गेलात, तर त्या प्लेटीला पिवळं आणि लाल सारखंच काळं दिसतं, सगळंच काळं आलं. पुढे मरेपर्यंत तुरटी, मीठ, लिंबू, भाताची पेज, हळद पक्की करायला तुम्ही काही म्हणता काही सोडलं नाहीत. मला तुमची कीव यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. प्रयोग करायचा होता तर मांजरावर करायचा होता, बाबा. आईवर कशाला?

धाकटा येण्याआधी एकदा बघून ठेवावा म्हणून आज दुपारी दारं-खिडक्या लावून मी ट्रंक उघडली. काळा कागद जपून सोडवला. आत काही नाही. मान नाही, हसू नाही, कुंकू नाही, नुसता फिकट पिवळा कागद. मला वाटलं उलटा धरलाय, म्हणून पलटून पाहिला. मग कडेला डाग दिसले, तांबूस, दोन्ही बाजूंना. अंगठ्याचे ठसे, एकावर एक, इतके की रेषा वेगळ्या काढता येत नाहीत. तुमचे तंबाखू मळायचे हात, त्यांना कायम चुना. हळदीला चुना लागला की लाल होते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरल्याशिवाय तिथे ठसे उमटत नाहीत. आम्हाला दटावलंत आणि तुम्ही मात्र रोज बघत होतात. बघून बघून संपवलीत.

मी रडले नाही, संतापले. आमचाही वाटा होता तिच्यात. मलाही आता तिचं तोंड आठवत नाही, त्या फोटोतलं होतं तेवढंच आठवतं, आणि धाकट्याकडे तर तेही नाही. रविवारी तो पोरगा दारात उभा राहील, फोटोवाल्याला घेऊन. त्याला काय सांगू, बाबांनी माय पाहून पाहून संपवली? हे लिहिलेलं त्याच्या हाती द्यावं असं मघाशी वाटलं होतं. देणार नाही. तुमच्यापर्यंत तर ते पोचायचंच नाही.

एक मात्र तुम्हाला सांगते. कागद परत गुंडाळायच्या आधी मी तो तुमच्यासारखाच धरला, तुमच्या ठशांवर माझे अंगठे ठेवून. त्यात काही दिसत नव्हतं. तरी खिडकी उघडली आणि उजेडात बराच वेळ बघत बसले.